चर्वणाचा इतिहास : खानदेशातून डिंडोलीपर्यंत

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ऐपत उशिरा येते आणि उपभोगाची शक्ती त्याआधीच ओसरते, हा तिचा लक्ष्यार्थ. तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तिच्या वाच्यार्थाकडे आपण कधी वळून पाहत नाही. वय झाले की दात जाणारच, हे या म्हणीने गृहीत धरलेले आहे. आणि म्हणीबरोबर तेही गृहीत आपण वारशाने स्वीकारले आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे. दात जाण्याचाही एक इतिहास असतो. तो धान्याशी, तंबाखूशी, स्थलांतराशी आणि घरातील माणसांच्या एकमेकांकडे असलेल्या लक्षाशी जोडलेला असतो, आणि जे इतिहासाने घडले आहे त्यात मनुष्याला बदल करता येतो, असे आम्हांस वाटते.

आरंभ थोडा दूरवरून करू. मातीत मनुष्यदेहाचे काही टिकत असेल तर सर्वांत अधिक काळ दात टिकतात. दातावरील शुभ्र कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. म्हणूनच प्राचीन माणूस काय खात होता, याची साक्ष पुरातत्त्वज्ञ दातांकडून घेतात. आजच्या बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे सापडलेल्या नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारेच्या अणकुचीदार हत्याराने छिद्रे पाडलेली आढळली. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्या दाढांचा काळ सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा आहे. छिद्रांच्या कडा नंतरच्या चावण्याने झिजलेल्या होत्या, म्हणजे छिद्र पाडल्यावरही ती माणसे त्याच दाढांनी जेवत राहिली होती. दातावर इलाज करून पाहण्याची मनुष्याची धडपड इतकी जुनी आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वसाहत. तेथील सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन ल्युकाच व सुभाष वाळिंबे यांनी केला. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या लहान मुलांचे अवशेष तेथे फार मोठ्या संख्येने मिळाल्यामुळे वार्धक्याची कथा ते फारशी सांगू शकत नाहीत. परंतु मुलांच्या दुधाच्या दातांवरील कवच घडतानाच कोठे कोठे अपुरे राहिलेले दिसले. आईच्या पोटात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत सोसलेल्या उपासमारीची व आजारपणाची ती खूण असते. दात हा असा आयुष्यभराचा दप्तरखाना आहे. त्यात नोंद होते ती पुसली जात नाही.

आपल्या तापीकाठीही, नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे येथे, बा. के. थापर यांनी १९५४-५५ साली ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. त्याच तापीच्या मुखाशी सुरत वसलेली आहे, हे खानदेशातून इकडे आलेल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. या काळातील वस्त्यांमधून धान्य दळण्याचे दगडी पाटे-वरवंटे मिळतात. पुढे गोल जाते आले. दगडाच्या दळणात दगडाची सूक्ष्म कच पिठात उतरते आणि आयुष्यभर तशी भाकरी खाणाऱ्याच्या दाढा सपाट होत जातात. मात्र अशी झीज संथ असते आणि झिजलेली दाढही बराच काळ काम देते. दात मुळासकट हलून पडतो त्याची कारणे निराळी आहेत, ती पुढे येतीलच.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी मुखाचा विचार दिनचर्येच्या अगदी प्रारंभी केला आहे. सुश्रुताने दातवणाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, असे सांगून कडू वृक्षांत निंब, तुरटांत खैर, मधुरांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला. चरकाने करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन, असन ही नावे दिली. तीळतेलाने तोंड भरून गुळणा धरावा, म्हणजे हनुवटीला बळ येते, दात हलत नाहीत व कठीण पदार्थही चावता येतात, असे त्यांचे सांगणे आहे. तीळतेलाचे हे सगळे गुण आजच्या कसोटीला उतरतील असा आमचा दावा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, कठीण पदार्थ चावता येणे हे त्या ग्रंथकारांना दंतरक्षणाचे एक फळ वाटत होते. केवळ दात दिसावेत म्हणून नव्हे, चावता यावे म्हणून दात राखायचे, ही दृष्टी आपल्याकडे पूर्वापार होती.

मग ही दृष्टी कोठे हरवली? मराठा अमदानीतील घरांत डोकावले तर थोडा उलगडा होतो. त्या काळी दातवण या शब्दाला दोन अर्थ होते. एक काडीचे दातवण आणि दुसरे सवाष्ण स्त्रिया दातांना लावीत ते काळे दातवण. हिरडा, मायफळ, हिराकस यांसारख्या तुरट व लोहयुक्त पदार्थांच्या पुडीने दात काळेभोर होत आणि ते सौभाग्याचे व सौंदर्याचे लक्षण समजले जाई. दुसरीकडे जेवणानंतरचा विडा. पानदान, चंची, अडकित्ता, चुन्याची डबी हे जुन्या घरातील जिनगीचे अविभाज्य भाग होते. या सरंजामात एक लहानसा पितळी अथवा लोखंडी खलबत्ता असे. दात गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी त्यात विडा कुटला जाई आणि ते काम बहुधा नातवंडांकडे असे. दात गेल्यावरही विड्याची सोय होते, भाकरीची होत नाही, ही विसंगती त्या खलबत्त्यात मूर्त झालेली आहे. अनेक घराण्यांत तो आजही काचेच्या कपाटात शोभेची वस्तू म्हणून ठेवलेला दिसतो.

तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आला आणि सतराव्या शतकात हिंदुस्थानभर पसरला. तो विड्यात शिरला, चिलमीत शिरला, नाकात तपकीर म्हणून गेला. आणि महाराष्ट्रात त्याने आणखी एक रूप घेतले, ते मशेरीचे. तव्यावर तंबाखू काळाकुट्ट होईतो भाजायचा, चुरून पूड करायची आणि तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर घासायची. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती घरात आली. पुढे घासण्याऐवजी ती तोंडात धरून ठेवली जाऊ लागली, सकाळची एक वेळ चार वेळा झाली आणि दंतमंजनाच्या नावाखाली व्यसन स्थिरावले. पुरुषाने विडी ओढली तर ती दिसते. स्त्रीची मशेरी मात्र मोरीच्या कोनाड्यात असते. त्यामुळे तिची गणना कोणी करीत नसे.

ती गणना पुढे विज्ञानाने केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावोगाव घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. गुजरातेत भावनगर जिल्हा त्यांनी निवडला होता. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि तिचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या संख्येने खेड्यातील माणसांच्या तोंडात दिवा धरून पाहण्याचे काम जगात क्वचितच झाले असेल. स्त्रियांमधील मशेरीचा प्रसार किती मोठा आहे, तेही त्यातून प्रथमच आकड्यांनिशी पुढे आले.

आता स्थलांतराकडे येऊ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून लोहमार्ग टाकला गेला आणि खानदेश व सुरत एका दिवसाच्या अंतरावर आले. आज उधना जंक्शनहून जळगावकडे निघालेली गाडी शहर सोडता सोडता डिंडोलीजवळून जाते. गुजरातेतील मराठी वस्तीचा जुना थर गायकवाडांच्या अमदानीतला. सोनगड, नवसारी आणि बडोदे ही त्याची ठिकाणे. लिंबायत, नवागाम, गोडादरा, डिंडोली या भागांतला थर मुख्यत्वे गेल्या पाच-सहा दशकांतला. १९७२ च्या दुष्काळाने शेतीवरचा भरवसा उडालेला, इकडे सुरतेत यंत्रमाग आणि कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने वाढत होते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून माणसे आली, चाळींत राहिली, मग भूखंड घेऊन घरे बांधली. आज डिंडोलीत अहिराणी कानावर पडल्यावाचून एक गल्ली ओलांडता येत नाही. जुन्या थरातील घराण्यांनी या नव्या थराला कधी आपले म्हटले, कधी म्हटले नाही. तोंडाच्या आरोग्याच्या बाबतीत मात्र दोघांचा इतिहास एकच आहे.

माणसे आली ती आपले अन्न घेऊन आली. कळण्याची भाकरी, वरणबट्टी, वांग्याचे भरीत, बिबडे, फुणके, खापरावरचे मांडे, तिखटजाळ शेवभाजी. खानदेशी जेवण हे दाढांना काम देणारे जेवण आहे. कळण्याची भाकरी वाफाळलेली असताना मऊ असते. गार झाली की ती जबड्याची परीक्षा घेते. भाजलेले बिबडे व शेंगदाणे ही तर चावणाऱ्याचीच मेजवानी. सुरतेने याच्या जोडीला आपला पोंक दिला. खानदेशात ज्याला आपण हुरडा म्हणतो त्याचाच तो भाऊबंद. हिवाळ्यात ज्वारीचे कोवळे दाणे भाजून शेव-लिंबाबरोबर खाण्याची येथली रीत खानदेशी माणसाला परकी वाटलीच नाही. याच शहराने लोचोही दिला, जो जवळजवळ चावावाच लागत नाही. घरातील वडीलधारी मंडळी पोंकाकडून लोचोकडे कधी वळली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अन्नाबरोबर मशेरीची डबीही आली. येथे तिला बजर भेटली. बजर म्हणजे गुजराती स्त्रिया दातांना लावतात ती तंबाखूची कोरडी पूड. तिची बहीणच म्हणावी. पुरुषांना मळलेल्या तंबाखू-चुन्याच्या जोडीला मावा भेटला. सुपारीचे तुकडे, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या चौकोनात घालून तळहातावर चोळायचा आणि गालात ठेवायचा. कारखान्यातील बारा तासांच्या पाळीत झोप व भूक मारण्यासाठी तो सोबती झाला. ज्या चरोतर प्रदेशाच्या तंबाखूचे नाव खानदेशापर्यंत पोहोचले होते, तो प्रदेश आता शेजारचाच होता. दोन प्रांतांतील व्यसने एका गालात एकत्र आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्थलांतरिताबरोबर त्याचे व्यसन आणि व्यसनाबरोबर त्याचा रोगही प्रवास करतो, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५२ साली श्वार्त्झ या वैद्याने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका चमत्कारिक विकाराचे वर्णन केले. तोंडाचे आतील अस्तर पांढुरके व ताठर होत जाई आणि हळूहळू तोंड उघडेनासे होई. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवरून हाच विकार नोंदविला. नंतर डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित संशोधिका सत्यवती सिरसाट यांनी १९६६ साली त्याचे सविस्तर विवेचन केले. या विकाराचे मुख्य कारण सुपारी होय, हे पुढे सिद्ध झाले. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. सुपारी म्हणजे पूजेची वस्तू, तिच्यात वाईट ते काय, असे म्हणणाऱ्या आपल्या समाजाने हे वाक्य दोनदा वाचावे.

गुजरातेतील स्थिती याहून अधिक बोलकी आहे. भावनगर जिल्ह्यात १९६७ साली हा विकार हजारात एक-दोघांना आढळला होता. त्याच जिल्ह्यात १९९३-९४ मध्ये तंबाखू वा सुपारी खाणाऱ्या ५,०१८ पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा १६४ जणांना तो झालेला दिसला. मधल्या पंचवीस वर्षांत मावा आणि गुटखा आला होता. अशा माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असले तरी त्याला भाकरीचा तुकडा तोंडात घालता येत नाही. चावण्याची शक्ती केवळ दातांवर अवलंबून नसते, हे त्यावरून कळते. शासनाने आपल्या परीने पावले टाकली. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये आणि गुजरातने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु आयुष्य शासनसेवेत घालविल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे की, अधिसूचना कोनाड्यातील डबीपर्यंत पोहोचत नाही. तेथे घरातल्याच माणसाला पोहोचावे लागते.

दात गेले तर जायचे कोणाकडे, याचाही इतिहास फार जुना नाही. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे, शासकीय दंत महाविद्यालय त्यानंतरचे. अहमदाबादचे शासकीय दंत महाविद्यालय १९६३ चे. दंतवैद्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला आणि २०२३ साली संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला शिकलेला दंतवैद्य मुंबईवाचून भेटणे कठीणच होते. त्यांच्यासाठी होता तो बाजारात सतरंजी अंथरून बसणारा, चिमट्याने दात उपटणारा आणि तयार कवळ्यांचा ढीग मांडणारा इसम. त्यांनी दात गमावले यात त्यांचा दोष कितीसा? ‘दात पडणारच’ हे त्यांच्या अनुभवाचे खरे सार होते. आपल्या अनुभवाचे ते सार असण्याचे कारण मात्र उरलेले नाही.

साफसफाईची साधनेही याच शतकात पालटली. राखुंडी, मीठ व कोळशाची पूड, बाभळीची वा निंबाची काडी यांच्या जागी आधी माकडछाप काळे दंतमंजन आले. केशव पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या विको कंपनीची वज्रदंती मराठी घरांत पोहोचली. नायलॉनचा ब्रश जगात १९३८ साली विक्रीस आला आणि आपल्याकडे मध्यमवर्गीयांच्या मोरीत यायला त्याला आणखी वर्षे लागली. राखुंडीने दात घासणाऱ्या आजीचे दात नव्वदीतही शाबूत होते, असा दाखला आपल्याकडे हटकून दिला जातो. असे दाखले खरेही असतात. पण ज्यांचे दात चाळिशीत गेले त्या आज्यांचा दाखला कोणी देत नाही. त्या मुकाट्याने भाकरी दुधात कुस्करून खात राहिल्या.

आता मूळ प्रश्न. चावणे म्हणजे नेमके काय? पुढचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात. जीभ व गाल घास पुन्हा पुन्हा दाढांखाली सारतात आणि दिवसाकाठी सुटणारी सुमारे लिटरभर लाळ त्याला ओला करून गिळण्याजोगा बनविते. जात्याची उपमा येथे नेमकी लागू पडते. वरची तळी काढून घेतली तर खालची कितीही शाबूत असली तरी दळण होत नाही. त्याचप्रमाणे खालच्या दाढेसमोर वरची दाढ नसेल तर ती असून नसल्यासारखी. म्हणूनच दंतवैद्य किती दात आहेत याबरोबर किती जोड्या जुळतात, हेही पाहतो. निदान वीस नैसर्गिक दात शिल्लक असतील तर माणूस बहुतेक सर्व पदार्थ कवळीवाचून खाऊ शकतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

दात जाण्याची दोन मुख्य कारणे म्हणजे कीड आणि हिरड्यांचा रोग. लहानपणी व तारुण्यात किडीचा जोर असतो. चाळिशीनंतर हिरड्यांचा रोग पुढे येतो. दातांच्या मुळाशी किटण साचते, हिरडी सुजते, रक्त येते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. हे सर्व बहुधा वेदनेवाचून घडते, त्यामुळे माणूस स्वस्थ असतो. तंबाखूने हा रोग बळावतो. मधुमेहाशी तर त्याचे दुहेरी नाते आहे. मधुमेह असला की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्या खराब असल्या की साखर आटोक्यात राहणे अवघड जाते. रक्तदाबावरील व इतर काही औषधांनी लाळ कमी होते व कोरड्या तोंडात कीड पुन्हा डोके वर काढते. साठीत पडणाऱ्या दाताचा निकाल असा बहुधा पंचेचाळिशीतच लागलेला असतो. त्या वयात माणूस मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, मुलीचे लग्न यांत गुंतलेला असतो. स्वतःच्या हिरडीतून येणारे रक्त त्याच्या कोणत्याच यादीत नसते.

पुढे काय होते ते घरोघर पाहावयास मिळते. लग्नाच्या पंगतीत आजी केवळ वरण-भात घेते. विचारले तर म्हणते, भूक नाही. भाकरी सुटते, मग कोशिंबीर, मग पेरू, शेंगदाणे, मोडाची उसळ. त्यांची जागा चहात बुडविलेले पाव-बिस्किट आणि मऊ, गोड, मैद्याचे पदार्थ घेतात. तंतुमय पदार्थ व प्रथिने कमी होतात, साखर वाढते, अंग रोडावते. कठीण चावता न येणे आणि वार्धक्यातील अशक्तपणा, तसेच स्मृतीची मंदता यांचा परस्परसंबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. कारण कोणते व परिणाम कोणता, हा विद्वानांच्या चर्चेचा विषय असला तरी पोषणाची हानी निर्विवाद आहे. याहून मोठी हानी आहे ती संगतीची. सर्वांना वेळ लागत नाही आणि आपल्याला लागतो, घास तोंडात घोळतो, कवळी वाजते, या संकोचाने घरातील ज्येष्ठ माणूस सर्वांच्या आधी किंवा सर्वांच्या नंतर एकटा जेवू लागतो. पंगतीतून उठून गेलेला माणूस हळूहळू घरातील बोलण्यातूनही उठून जातो.

कवळीविषयी दोन शब्द. ती उपकारक आहे, पण पूर्ण कवळीने लावता येणारा जोर नैसर्गिक दातांच्या जोराच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो, अनेकदा त्याहूनही कमी. शिवाय खालचे हाड वर्षानुवर्षे झिजत गेल्याने एकदा नीट बसलेली कवळी पुढे सैल होते. पाच-सात वर्षांनी ती पुन्हा बसवून घ्यावी लागते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. परिणामी कवळी डबीत आणि डबी कपाटात राहते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दात बसविण्याची पद्धत मनुष्यावर प्रथम यशस्वी केली. आज ती सुरतेतही उपलब्ध आहे, परंतु तिचा खर्च कामगार कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. म्हणून आहे तो दात टिकविणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हे घडू शकते याचा पुरावा जपानने दिला आहे. तेथे १९८९ साली शासन व दंतवैद्यांच्या संघटनेने मिळून ‘ऐंशी-वीस’ नावाची चळवळ सुरू केली. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात, एवढेच तिचे ध्येय. त्या सुमारास ऐंशीच्या घरातील दहा जणांत एकाजवळही वीस दात नसत. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांजवळ ते आढळले. तीन दशकांपेक्षाही कमी काळात एका राष्ट्राच्या म्हातारपणाचे जेवण पालटले. वय तेच, माणसे त्याच वंशाची. पालटली ती काळजी. ‘दात पडणारच’ या म्हणण्याला इतिहासाने दिलेले यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या देशातही या प्रश्नाची दखल घेतली जाऊ लागली आहे. २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात रक्तदाब-मधुमेहाबरोबर दातांविषयीही प्रश्न विचारले गेले. मागच्या काळात मशेरीच्या डबीची गणना झाली, आता चावता न येणाऱ्या घासाची होऊ लागली आहे. गणनेत आलेली गोष्ट उपेक्षेत राहणे कठीण असते, असा शासकीय सेवेतील आमचा अनुभव आहे.

घरापुरते करावयाचे काम थोडके आहे. रात्री निजण्यापूर्वी दात घासणे, चाळिशीनंतर वर्षातून एकदा दंतवैद्याकडून किटण काढून घेणे, मधुमेह असल्यास हिरड्या दाखवून घेणे, तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसल्यास पंधरा दिवसांपेक्षा अधिक वाट न पाहणे. शहरातील शासकीय व महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या दंतविभागांत हे अल्प खर्चात होते. रांगेत उभे राहण्यासाठी लागणारा अर्धा दिवस ज्येष्ठांसोबत कोणी तरुणाने काढला पाहिजे. आणि मशेरीची डबी असेल तर तिच्याविषयी घरात मोकळेपणाने, दोषारोप न करता बोलले पाहिजे. ती डबी आजीला कोणी दात दुखतो म्हणून दिली होती, औषध म्हणून. हे ध्यानात ठेवले तर बोलणे सोपे जाईल.

आपल्या जुन्या घराण्यांनी या परमुलखात भाषा राखली, सणवार राखले, गणेशोत्सव व ग्रंथालये राखली, खापर आणि मांडेही राखले. वारसा जपण्याची हौस आपल्याला मुळातच आहे. परंतु कळण्याची भाकरी हा वारसा मानायचा आणि ती ज्यांनी येथवर आणली त्यांना ती चावता येते की नाही, हे विचारायचेही नाही, हे त्या वारशाला शोभणारे नाही. येत्या हिवाळ्यात पोंकाची पुडी घरी येईल तेव्हा ती पहिल्याने घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपुढे ठेवावी, आणि त्यांनी ‘तुम्ही खा’ म्हणून ती बाजूला सारली तर कारण विचारावे. उत्तर बहुधा दातांतच सापडेल, आणि त्यावर इलाज आहे.